मिसळीच्या आवारात पट्ट्यातल्या कुत्र्यालाही एक कोपरा हवा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये रविवारचा पहाटेचा फेरफटका मिसळीच्या ताटाशी येऊन थांबतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. गंगापूर रोड, मखमलाबाद रस्ता आणि त्र्यंबक रस्ता या बाजूंना झाडांच्या सावलीत, शेताच्या कडेला, खाटा आणि बाकडी टाकून चुलीवरची मिसळ देणारी अनेक ठिकाणे गेल्या काही वर्षांत उभी राहिली आणि सकाळी चालून किंवा सायकलवरून आलेल्या माणसांनी ती भरून जाऊ लागली. रामशेजचा पायथा, म्हसरूळची चामरलेणी, सोमेश्वर, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडे जाणारे रस्ते येथे आपापले कुत्रे घेऊन चालणाऱ्यांची संख्याही याच काळात डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. मात्र चालून झाल्यावर या माणसांनी आपल्या कुत्र्याचे काय करायचे, याचा विचार शहराने अजून केलेला नाही, आणि त्याविषयीच हे पत्र लिहीत आहे.

आज घडते ते असे. चार-पाच जणांचा गट मिसळीला येतो, त्यातल्या एकाजवळ कुत्रा असतो. दारावरचा माणूस अदबीने सांगतो, ‘कुत्रं आत चालणार नाही.’ मग कोणी कुत्र्याला गाडीत ठेवून काचा दोन बोटे खाली करतो, कोणी रस्त्याकडेच्या झाडाला साखळी बांधतो, तर कोणी बाहेरच उभा राहून पार्सलची वाट पाहतो. यातला पहिला पर्याय सर्वांत धोक्याचा आहे आणि दुर्दैवाने तोच सर्वांत जास्त वापरला जातो. बाहेर 21 अंश सेल्सिअसची प्रसन्न हवा असली तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत 32 अंशांच्या आसपास आणि अर्ध्या तासात 40 अंशांपर्यंत पोहोचू शकते. काच थोडी खाली ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर थंड करतो, आणि गाडीतली हवाच तापली की तो उपायही संपतो. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान 38 ते 39 अंशांच्या दरम्यान असते. ते 41 च्या पुढे गेले की जीव वाचवणे अवघड होते. त्यात तो नुकताच तासभर चालून आलेला, म्हणजे आधीच तापलेला असतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धापाही नीट टाकता येत नाहीत. मिसळीची वेळ सकाळी नऊ ते अकरा, आणि मार्चपासून पुढे नाशिकचे नऊचे ऊन काय असते हे आपण सगळे जाणतो.

झाडाला बांधणे हाही चांगला पर्याय नाही. अशा ठिकाणी खरकट्याच्या आशेने भटके कुत्रे असतातच, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, हे त्यांना लगेच कळते. पट्ट्यातला कुत्रा घाबरून भुंकतो, मालक ताटावरून उठून धावतो, शेजारच्या टेबलावरची मुले रडू लागतात आणि ‘म्हणूनच कुत्रे आणू नयेत’ हा निष्कर्ष पक्का होतो. वास्तविक तो कुत्रा मालकाच्या पायाशी असता, तर यातले बहुतेक काही घडलेच नसते.

माझी मुलगी काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात राहते. तिच्याकडे गेले असताना तेथील ‘पीक डिस्ट्रिक्ट’ या डोंगराळ प्रदेशात, म्हणजे 1951 साली त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरलेल्या भागात, आम्ही तिच्या कुत्र्यासह पुष्कळ चाललो. तेथे शेतांच्या बांधांवरून, मेंढ्यांच्या कुरणांतून जाणाऱ्या पायवाटांवर चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे आणि अशा पायवाटा बहुधा एखाद्या खेड्यातल्या पबपाशी येऊन मिळतात. पब म्हटला की आपल्याकडे मोठ्या आवाजातले संगीत आणि रात्रीची गर्दी डोळ्यांसमोर येते. खेड्यातला पब अगदी वेगळा असतो. दुपारी तेथे आजी-आजोबा, लहान मुले, चिखलाने भरलेले बूट घातलेले चालकरी आणि त्यांचे कुत्रे असे सगळे एका छपराखाली जेवायला बसलेले असतात. बारच्या खोलीतली जमीन दगडी फरशीची असते, म्हणजे चिखल पुसून काढता येतो. दारापाशी पाण्याचे भांडे ठेवलेले असते आणि काही ठिकाणी गल्ल्यावर कुत्र्यांच्या बिस्किटांची बरणीही असते. आम्ही गेलो त्या पबमध्ये दोन खोल्या होत्या. पहिलीत कुत्र्यांना मुभा होती, तर पलीकडच्या भोजनाच्या खोलीच्या दारावर ‘कृपया येथे कुत्रे आणू नयेत’ अशी पाटी होती. ज्याला कुत्र्यांची भीती वाटते किंवा जेवताना ते जवळ नको असतात, त्याने पलीकडे बसावे आणि ज्याच्याजवळ कुत्रा आहे त्याने अलीकडे. याबद्दल वाद घालताना मला कोणी दिसले नाही.

ही मोकळीक केवळ लोकांच्या प्रेमळ स्वभावातून आलेली नाही, म्हणूनच ती मला अनुकरणीय वाटली. ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या बसण्याच्या जागेत कुत्र्याला मनाई करणारा कायदा नाही. अन्न जेथे तयार होते, हाताळले जाते किंवा साठवले जाते, तेथे प्राणी पोहोचता कामा नये, ही जबाबदारी मात्र व्यावसायिकावर कायद्याने टाकलेली आहे. बसण्याच्या जागेत कुत्रा येऊ द्यायचा की नाही हे पबचा मालक ठरवतो. अंध व्यक्तींचे मार्गदर्शक कुत्रे आणि तत्सम साहाय्यक कुत्रे यांना मात्र रास्त कारणाशिवाय नाकारता येत नाही. दुसऱ्या बाजूला कुत्रा पाळणाऱ्यावरही तितकीच बंधने आहेत. सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचे नाव आणि पत्ता असलेली पट्टी हवी, असा 1992 चा आदेश आहे. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप बसवणे इंग्लंडमध्ये 2016 पासून सक्तीचे आहे. खुल्या माळरानांवर जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे 1 मार्च ते 31 जुलै, कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब पट्ट्यावर ठेवता येत नाही, आणि गुरे-मेंढ्यांजवळ तर हाच नियम वर्षभर लागू असतो. पबमधला तो शांत कुत्रा या सगळ्या शिस्तीतून तेथवर आलेला असतो.

आता आपल्याकडच्या नियमाविषयी. अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली परवाना आणि नोंदणीसंबंधीचे जे विनियम 2011 साली लागू झाले, त्यांच्या चौथ्या परिशिष्टात प्राणी, पक्षी आणि पाळीव जनावरे यांना अन्नव्यवसायाच्या जागेत येऊ देऊ नये, असे म्हटले आहे. या नियमामागचा हेतू योग्य आहे आणि स्वयंपाकघर, भांडी घासण्याची जागा, शिधा ठेवण्याची खोली यांच्याबाबत त्यात तसूभरही सवलत असू नये, असेच माझे मत आहे. प्रश्न उरतो तो उघड्या आवाराचा. दोन एकर शेतात आंब्याखाली टाकलेले बाकडे आणि चार भिंतींच्या आतले स्वयंपाकघर यांना एकाच शब्दात बसवल्यामुळे, एखाद्या मालकाची इच्छा असली तरी त्याला निश्चिंतपणे होकार देता येत नाही. काही ठिकाणी तो मूकपणे देतात, काही ठिकाणी एका रविवारी देतात आणि पुढच्या रविवारी नाकारतात. अमेरिकेत तेथील अन्न व औषध प्रशासनाने 2022 च्या आदर्श अन्नसंहितेत, स्थानिक अधिकाऱ्यांची मान्यता असेल तर बाहेरच्या उघड्या बैठकीत पाळीव कुत्र्यांना येऊ देण्याची तरतूद केली आहे. आपल्या अन्न व औषध प्रशासनानेही उघड्या आवारापुरते असे स्पष्टीकरण मिळवावे किंवा त्यासाठी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे शिफारस करावी, अशी माझी आपल्या दैनिकाच्या माध्यमातून विनंती आहे.

या संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या आवारांत पट्ट्यातल्या, लस टोचलेल्या कुत्र्याला प्रवेश नाही, तेथे बिनपट्ट्याचे दोन-तीन कुत्रे टेबलांमधून मुक्तपणे फिरताना आपण रोज पाहतो. त्यांचा दोष नाही. ते त्या शेताचे किंवा त्या वस्तीचे राखणदार असतात. परंतु त्यांची लस झाली आहे का, नसबंदी झाली आहे का, हे कोणालाच ठाऊक नसते. स्वच्छता आणि सुरक्षितता हा निकष असेल, तर तो या कुत्र्यांनाही लागू व्हायला हवा. ज्या मालकाला पाहुण्या कुत्र्यांसाठी कोपरा ठेवायचा आहे, त्याने आधी आपल्या आवारातल्या कुत्र्यांना रेबीजची लस द्यावी, नसबंदी करून घ्यावी आणि गर्दीच्या वेळी त्यांना कुंपणाच्या मागच्या बाजूस ठेवावे. कुत्रा आपल्या हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्याला सहजी स्वीकारत नाही. निम्मी भांडणे तेथूनच सुरू होतात.

कुत्र्यांना विरोध करणाऱ्यांची बाजू मला पूर्णपणे मान्य आहे, हेही येथे नमूद करते. आपल्या राज्यात कुत्रा चावल्याच्या बातम्या रोज येतात, लहान मुले जखमी होतात, आणि रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. ज्या आईने आपल्या मुलाला इंजेक्शनांच्या फेऱ्या मारायला नेले आहे, तिला ‘आमचा काही करत नाही हो’ हे वाक्य ऐकवणे हा उद्धटपणा आहे. मी स्वतः रस्त्यावरून आणलेली देशी कुत्री सांभाळते आणि तरीही म्हणते की, हे वाक्य श्वानपालकांनी कायमचे सोडून द्यावे. भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमानुसार, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम किती श्वानपालकांना ठाऊक असेल, याची मला शंका वाटते.

म्हणून कोपरा मागताना शिस्तही मागायला हवी. ज्याच्या कुत्र्याची वार्षिक रेबीज लस झालेली आहे आणि महापालिकेकडे नोंद आहे, त्यानेच त्याला अशा ठिकाणी आणावे आणि लसीच्या पुस्तिकेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवून विचारल्यावर तो दाखवावा. पट्टा आखूड असावा आणि तो खुर्चीच्या पायाला न अडकवता हातात धरलेला असावा; लांबत जाणारे दोरीचे पट्टे तर गर्दीत वाढप्याच्या पायात येतात आणि उकळता रस्सा हातात असलेल्या माणसाला पाडतात. कुत्र्याने खाली स्वतःच्या सतरंजीवर बसावे, खाटेवर किंवा खुर्चीवर बसू नये, आणि त्याने हॉटेलच्या ताटवाटीला तोंड लावू नये. पाण्याचे भांडे प्रत्येकाने घरून आणावे. इंग्लंडमधले दारापाशी ठेवलेले सामाईक भांडे दिसायला गोड असते, पण पिल्लांमध्ये आणि अपुरे लसीकरण झालेल्या कुत्र्यांमध्ये खोकल्यासारखे आजार अशा भांड्यातून पसरू शकतात, तेव्हा आपण एक स्वच्छ नळ मागावा आणि भांडे आपले वापरावे. आत येण्यापूर्वीच त्याला बाहेर मोकळे होऊ द्यावे, आणि तरीही घाण झाली तर ती मालकाने उचलावी, हॉटेलच्या पोऱ्याने नव्हे. जो कुत्रा अनोळखी गर्दीत अस्वस्थ होतो, त्याला मालकाने घरी ठेवावे. त्याच्या दृष्टीनेही तेच सुखाचे आहे.

खाण्याच्या बाबतीत नाशिककरांनी इतर कोणाहूनही अधिक सावध असायला हवे, कारण आपल्या जिल्ह्याची ओळख असलेली दोन्ही पिके, कांदा आणि द्राक्षे, कुत्र्यासाठी विषारी आहेत. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्यांमुळे कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. कांदा कच्चा असो, शिजलेला असो, वाळवलेला असो, की मसाल्यात वाटलेला असो, परिणाम तोच होतो. लक्षणे लगेच दिसत नाहीत. दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद होते, आणि तोवर रविवारच्या मिसळीतला पाव रश्श्यात बुडवून प्रेमाने भरवला होता, हे घरच्यांच्या लक्षातही राहिलेले नसते. द्राक्षे आणि बेदाणे यांच्यामुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एक ते तीन दिवसांत निकामी होतात. किती द्राक्षे खाल्ली तर चालतात याचे सुरक्षित प्रमाण ठरवता आलेले नाही, आणि बेदाण्यात तर तेच द्रव्य आटून अधिक तीव्र झालेले असते. द्राक्षे खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. मिसळीच्या ठिकाणी लावता येईल अशी सर्वांत उपयोगी पाटी कोणती, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन: ‘कुत्र्यांना ताटातले काहीही भरवू नये.’ शेजारच्या टेबलावरची मुले लाडाने तुकडा टाकतात, तेव्हा ही पाटी त्यांच्याही डोळ्यांसमोर असेल.

द्राक्षबागांचा उल्लेख आला म्हणून शेतकऱ्यांच्या तक्रारीविषयीही लिहिते. ती रास्त आहे आणि ती वर्तमानपत्रांत फारशी येत नाही. फिरायला येणारे लोक पट्टा सोडतात, कुत्रा बागेत शिरतो, ठिबकच्या नळ्या ओढतो, शेळ्या-कोंबड्यांच्या मागे लागतो, आणि मालक दुरून त्याचे नाव हाकारत उभा राहतो. बागेत शिरणे कुत्र्यालाही परवडणारे नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्यांवर फवारण्या होत असतात. पाने, गवत आणि वाफ्यातले पाणी यांतून ती औषधे पंजांना आणि अंगाला लागतात, मग कुत्रा तेच पंजे चाटतो. पावसाळ्यात गवतातून गोचिडी अंगावर चढतात आणि त्यांच्यामुळे होणारा ताप नाशिकच्या पशुवैद्यांना चांगलाच परिचयाचा आहे. रस्ता आणि शिवारवाट सोडू नये, पट्टा काढू नये आणि घरी आल्यावर पंजे धुऊन कान व काखा तपासाव्यात, एवढे पाळले तरी शेतकरी आणि कुत्रा या दोघांचेही नुकसान टळेल.

काही ठिकाणी कुत्रे नेऊच नयेत, असेही माझे मत आहे. अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तेथे गिधाडांची वस्ती आहे, दुर्मीळ वनस्पती आहेत आणि भाविकांची वर्दळ असते. ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर माकडे आणि यात्रेकरू यांच्या मधोमध कुत्रा घेऊन जाणे कोणाच्याच हिताचे नाही. नांदूरमधमेश्वर हे तर पक्षी अभयारण्य आहे आणि महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तेथे जमिनीवर विसावणाऱ्या पक्ष्यांना एक भुंकणारा कुत्राही उठवून लावतो. आणि बिबट्याची गोष्ट वेगळी सांगायला नको. गोदावरी आणि दारणेच्या काठच्या उसात त्याचा वावर आहे, तो शहरातही येऊन गेलेला आहे, आणि कुत्रा हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य आहे. दिवेलागणीनंतर किंवा फटफटण्यापूर्वी कुत्रा घेऊन मळ्यांच्या वाटेला जाणे टाळावे, कारण तेव्हा कुत्र्याबरोबर माणूसही संकटात येतो.

एवढी बंधने सांगितल्यावर कोणी विचारेल, मग कोपरा हवाच कशाला? तो हवा, कारण आपल्या शहरात कुत्र्याला माणसांत वागायला शिकवण्याची जागाच उरलेली नाही. दिवसभर सदनिकेच्या गॅलरीत बांधलेला आणि रात्री लिफ्टने खाली नेऊन पाच मिनिटांत वर आणलेला कुत्रा अनोळखी माणूस दिसला की बिथरतो, कारण त्याने अनोळखी माणूस शांतपणे पाहिलेलाच नसतो. तासभर मोकळ्या हवेत चालून दमलेला कुत्रा मालकाच्या पायाशी अर्धा तास पडून राहतो, आजूबाजूला लोक येतात-जातात, ताटे वाजतात, मुले धावतात, आणि त्यात आपल्याला काही धोका नाही हे त्याला उमगत जाते. हे शिक्षण कोणत्याही प्रशिक्षकाच्या मैदानावर मिळत नाही. कुत्र्यांना भिणाऱ्या मुलांनाही सुरक्षित अंतरावरून शांत कुत्रा पाहायला मिळतो. हात लावण्यापूर्वी मालकाला विचारायचे असते, डोक्यावरून हात न आणता त्याला आधी वास घेऊ द्यायचा असतो, हे ती शिकतात. कुत्रा चावण्याच्या घटना कमी व्हाव्यात असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी या बाजूचाही विचार करावा.

यासाठी कोणाला मोठा खर्च करावा लागणार नाही. आवाराच्या एका कडेला, स्वयंपाकघरापासून आणि हात धुण्याच्या जागेपासून दूर, वेगळ्या फाटकातून जाता येईल अशी तीन-चार बाकडी, सावली, नळ, झाकणाचा कचराडबा आणि नियमांची ठळक पाटी एवढे पुरेसे आहे. दोन कुत्र्यांची तोंडे एकमेकांकडे होणार नाहीत इतके अंतर बाकड्यांमध्ये असावे. कुत्रा असलेल्या ग्राहकांना वाढणाऱ्या माणसाला कुत्र्यांची भीती वाटत नसावी, ही साधी गोष्टही मालकाने आधी विचारून घ्यावी; नोकरीच्या भीतीपोटी तो बिचारा बोलत नाही. मी दोन-तीन व्यावसायिकांशी याविषयी बोलले आहे. त्यांची तयारी आहे, पण ‘उद्या तपासणीला कोणी आले तर काय सांगायचे’ या एका प्रश्नावर ते अडतात.

त्या प्रश्नाचे उत्तर आपले दैनिक मिळवून देऊ शकेल. अन्न व औषध प्रशासनाचे नाशिकचे अधिकारी, महापालिकेचा पशुसंवर्धन विभाग आणि शहरातील पशुवैद्य यांचे म्हणणे आपण एकत्रित छापावे, अशी आग्रहाची विनंती आहे. थंडीचे महिने चालण्याचे आणि मिसळीचेही असतात. त्याआधी हे स्पष्टीकरण आले, तर इच्छुक मालकांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात एखाद-दुसऱ्या आवारात प्रयोग करून पाहता येईल आणि तक्रारी आल्या तर तो बंदही करता येईल.

आपली विश्वासू,
एक वाचक,
गंगापूर रोड, नाशिक